उचल

मरोळ गावठाणातून ती आली दोरीला बांधून,
टेम्पोच्या मागे, मान खाली घालून.
त्रेसष्टची विलीज पिकअप,
तीन वेळा हिरवी रंगवलेली, तिन्ही वेळा वेगळी हिरवी.
रेमंड घोन्साल्विस म्हणाला, "मिस्त्री, चार इंच वर घ्या."
मी विचारलं, शोसाठी?
"रस्त्यासाठी."

दर दोन वर्षांनी डांबराचा थर, मग काँक्रीट.
रस्ता चढत गेला, अंगण तिथंच राहिलं.
फाटकातून बाहेर पडताना गाडीचं पोट घासतं,
ऑईलचा चेंबर दोनदा फुटला.
"क्रुसाच्या चौथऱ्याला तीन पायऱ्या होत्या," तो म्हणाला,
"आता एक दिसते."

मी दोन हजारांची उचल घेतली,
इस्राफीलला जॅक आणायला सांगितलं.

यू-बोल्ट कसले, गंजानेच बोल्टचा आकार धरून ठेवलेला.
रात्रभर डिझेल पाजलं,
सकाळी पान्यावर पाईप चढवून दोघं लटकलो.
शेवटी गॅसने कापले.

पाटे सुटले. कुर्ल्याच्या त्या काळ्या जमिनीवर
सातही मांडले, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत.
कमान कुणालाच उरली नव्हती.
थोरला डोळ्याजवळ नेऊन पाहिला,
तो तर मधोमध उलटा वाकलेला.

स्टुलावर रेमंडचे वडील, पास्कूबाबा,
सकाळपासून गप्प होते.
"बर्फ," ते म्हणाले.
"अठ्ठावीस वर्षं लाद्या वाहिल्या.
लग्नाला, मयताला, मच्छीला.
गोणपाट टाकायचं, भुसा टाकायचा, तरी गळायचाच."

बर्फ वाटेतच गळून गेला,
वजन तेवढं इथं राहिलं.

दारूखान्यातून दोन पाटे आणले;
कुठल्या गाडीचे, हे तिथं विचारायचं नसतं.
भट्टीत लाल केले. हातोडीखाली कमान परत आली
रुसलेल्या माणसासारखी, थोडी थोडी, मध्येच अडून.
तेलात सोडले तेव्हा असा धूर झाला
की समोरचा काचवाला शिव्या देत बाहेर आला.

बसवले. आणि मग नेहमीचंच:
एक वर गेलं की दुसरं अपुरं पडतं.
ब्रेकची नळी तोकडी झाली.
शॉकअब्सॉर्बर टाचा उचलून उभे.
शाफ्टचा कोन बिघडला, म्हणून पाचर मारली
(लोक दुसऱ्याच्या कामात मारतात तसली नव्हे,
हिच्यामुळे काम चालतं).

साडेपाचला ठोकळे काढले.
गाडी खाली आली, पण जुन्या जागी नाही.
इस्राफील तिच्याखाली सरकला आणि तिथंच लोळला,
"उस्ताद, इथं पंखा लावला तर खोली होईल."
रेमंड टेप धरून: पुढे चार, मागे सव्वाचार.
माल भरला की बसेल, मी म्हटलं,
वळणावर मात्र सावकाश,
हिचं डोकं आता जड झालंय.

"बाबा, पहिली चक्कर तुमची."

पास्कूबाबा उठले. दाराची मूठ धरली.
डावा पाय उचलला,
अर्ध्या जन्माच्या सवयीने, न बघता,
आणि तो पाय हवेत राहिला.
जिथं गाडी असायची
तिथून ती चार इंच निघून गेली होती.
पुन्हा उचलला. गुडघा नाही म्हणाला.
रेमंड पुढे झाला, तर हात झटकून
बॉनेटवर थाप मारत म्हणाले,
"बघ कशी वरून बघते."

हिशेबात हे धरलं नव्हतं मी.
काट्याने मोजलं, टेपने मोजलं,
माणसाचा गुडघा कुठं येतो ते मोजलं नाही.

तो उलटा वाकलेला पाटा भंगारात टाकला होता,
इस्राफीलनेच ओढून काढला.
मधला हातभर तुकडा कापला.
पाट्याचं लोखंड वेल्डिंग नीट धरत नाही,
म्हणून खाली अँगल, चार बोल्ट,
दारापाशी, बरोबर त्या जुन्या उंचीवर.

वाकण वर करून बसवली होती, खोलगट, बशीसारखी.
साडेतीनशे वेगळे लावले. रेमंडने घासाघीस केली नाही.

"थांबा, अजून गरम आहे," मी म्हटलं.
बाबांनी चप्पल काढली होती.
"असू दे," ते म्हणाले,
आणि बर्फाने केलेल्या त्या खळग्यात
पाय ठेवला.