खांब

पाचशे रुपयांच्या दंडापायी मी पाच तारखा पाहिल्या.
टेम्पोचं भाडं जाता-येता साठ,
झेरॉक्स, तिकिटं, वर चहा.
पुतण्यानं बेरीज मांडून दाखवली, हसत.
म्हटलं, तू हिशेब ठेव, मी म्हणणं ठेवते.

दौलतगंजच्या वळणावर, छोटेलाल शिंप्याच्या दुकानासमोर
माझी जुनी स्कूटी, भिंतीपासून सव्वादोन फूट.
हे मी अंदाजानं सांगत नाही.
नगर निगमाच्या नकाशा विभागात एकतीस वर्षं
याच गल्ल्या मी ट्रेसिंगच्या कापडावर उतरवल्या.
कुठे रस्ता पोट आत घेतो, कुठे नाली फुगते,
हात अजून विसरलेला नाही.
तिथे पाटी नव्हती. पिवळी रेघ नव्हती.
नसलेल्या गोष्टीचा पुरावा कसा आणायचा,
एवढंच काय ते अडलं होतं.

वकील केला नाही.
बाकावर शेजारी बसायचा तोच हवालदार, भदौरिया,
ज्यानं पावती फाडली.
तोही पुकाऱ्याची वाट बघत, गुडघे चोळत.
तिसऱ्या तारखेला मी त्याला थालीपीठ दिलं.
चौथ्या तारखेला त्यानं मुरैन्याची गजक आणली
आणि खालच्या आवाजात म्हणाला,
"बाई साब, बोर्ड तो हमने भी नहीं देखा,
पर ऊपर से टारगेट था."
मला नको सांगू, म्हटलं. आत सांग.

पाचव्या तारखेला त्यानं आत सांगितलं.
टारगेटचं नाही, पाटीचं.
तेवढंही पुष्कळ.
न्यायाधीश बाई माझ्या भाचीच्या वयाच्या,
नकाशा त्यांनी उलटा धरला होता.
मी पुढे होऊन सरळ करून दिला.
कोर्टात असं करायचं नसतं म्हणे;
पेशकार ओरडला, त्या हसू दाबत लिहीत राहिल्या:
सूचनाफलक नसल्याने दंड रद्द.
खाली आणखी एक ओळ होती,
जी मी आनंदाच्या भरात वाचलीच नाही.

आठ दिवसांनी ती ओळ वळणावर उभी होती.
नवा खांब, वर निळी-तांबडी चकती,
बुडाशी सिमेंट ओलं, त्यात कुत्र्याचं एक पाऊल.
भिंतीपासून बरोबर सव्वादोन फूट.
राधेलाल कुशवाह पेरूची हातगाडी हलवत होता.
बावीस हिवाळे ती तिथेच होती.
माझ्या नकाशात नव्हती,
हातगाड्या आम्ही काढत नसू.

"आप तो जीत गईं ना, ताईजी?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.
मी हो म्हटलं.
लागत होते अर्धा किलो, दोन किलो पेरू घेतले,
स्कूटीच्या पायाशी पिशवी ठेवली
आणि नालीवर अडकलेलं त्याचं चाक
मागून रेटलं.

पुढे, गुरुद्वाराच्या अलीकडे, रस्ता जरा पोट आत घेतो.
तो मागून येत होता.
मी भिंतीला टाच लावली
आणि पावलं मोजायला लागले.