पाठीवरून

चित्र मी पाठीकडून ओळखते.
महाराज संगमरवरावर पालथे पडलेले असतात
आणि मी अकीकाच्या खड्याने घोटत असते,
तोंड खाली, मिशी खाली,
डोक्यामागची सोन्याची थाळी खाली.
सोन्यावर खडा घसरतो.
तेवढ्यावरून कळतं, इथे राजा.

चेहरा नव्याने काढावा लागत नाही.
हरणाच्या पातळ कातड्यावर टोचलेला चरबा आहे घरात,
आजेसासऱ्यांच्या हातचा.
कोळशाची पुरचुंडी आपटली
की उतरतो राजा कागदावर, बंदूक रोखून.
चार गाद्या झाल्या, नाक तेच.
कल्ले तेवढे बदलले.

यंदा माघात चंबळेच्या कडेला हाका झाला.
हे ओदीत होते, बुरुजाच्या झरोक्याशी, मांडीवर कागद.
घरी आले ते दोन दिवस जेवले नाहीत.
मग एका रात्री रंगाचा शिंपला खरवडता खरवडता:
पहिली गोळी खडकाला.
दुसरी दल्ल्याला.
वाघ तिसरीने पडला, आणि ती महाराजांची नव्हती.

दल्ला सहरिया. धावड्याचा डिंक आणून द्यायचा,
पळसाच्या पानात, मुंग्या निवडून.
हा सगळा हिरवा रंग कागदाला धरून आहे
तो त्याच्या डिंकावर.

चित्र निम्मं झालं आणि कारभारी आले.
जीवराम, महाराजांना काढा.
काढा म्हणजे रंगवा नव्हे, पुसा.
तिथे ठाकुरजी बसवा.
राज्य देवाचं, तर शिकारही देवाची;
महाराज मागे उभे राहून चवरी ढाळतील.

चरबा तोच. नुसता चेहरा निळा केला.
बोट चापावर होतं, तिथेच राहिलं.

दल्ल्याची बायको दप्तरात गेली होती, पोर कडेवर.
कारभाऱ्यांनी वही मिटली:
देवाच्या शिकारीत माणूस मरत नाही, बाई.

वाघ एकच, पण चारदा आहे.
येतो, गुरगुरतो, झेपावतो, पडतो.
दल्ला एकदाही नाही.
त्याच्या जागी ह्यांनी गवत काढलं,
पातं न् पातं, खारीच्या एका केसाने,
इतकं दाट की वाऱ्यालाही वाट नाही.
कुठे ते मी विचारलं नाही.
हात जिथे थांबत गेला
तिथे कागद पाठीलाही जड लागतो.

देव घोटला. चवरी घोटली. चारही वाघ घोटले.
अंगठ्याएवढी जागा सोडली.

दरबारात पान हातोहात फिरेल,
सोनं बघायला दिव्याशी तिरकं धरतील,
आणि गवताचा एक तुकडा चमकणार नाही.

म्हणतील, चिताऱ्याची बायको
म्हातारी झाली.