शेपटीवरचा नंबर

गाईच्या कानातला बिल्ला बारा आकडी असतो,
तो मी सवयीनं लिहितो.
विमानाचा शेपटीवर. पाचच अक्षरं,
त्यातली पहिली दोन सगळ्यांचीच.
उरलेल्या तिनांसाठी मी
जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर, वय बावन्न,
जिनिंगची भिंत चढलो आहे.

मागच्या अंगाला, सरकीच्या ढिगापलीकडे
ते पिवळं विमान उभं आहे.
कपाशीवर औषध फवारायचं कधीकाळी.
मालकानं विकलं नाही, का ते कुणी विचारलं नाही.
एका चाकाखाली विटा.
पंखाच्या सावलीत चौकीदार लटारूजी कोराम यांची खाट,
पुढच्या पात्यावर त्यांचा दुपट्टा.
"काढ ना बावा फोटो. दुपट्टा राहू दे, ओला हाये."

अडतं शेवटच्या अक्षराशी.
रंगाचा पोपडा नेमका तिथं गळाला आहे.
ई की एफ?
खालची आडवी रेघ होती की नव्हती,
एवढ्यासाठी सहा वर्षं, सहा उन्हं.

मागच्या पौषात कृषी प्रदर्शनातला फुगा
वारा फिरला म्हणून उमरीकडे आला.
गरम हवेचा, खरा, टोपलीत दोन माणसं.
अख्खं गाव तुरीतून धावत सुटलं.
मी गोठ्यात, खांद्यापर्यंत हात गाईत,
वासराचा मागचा पाय नुकता बोटांना लागलेला.
पऱ्हाटीच्या कुडाच्या फटीतून
लाल पट्टा गेला, मग पांढरा,
मग वरून आगीचा एक लांब फुसकारा.
कॅमेरा गाडीच्या डिकीत.
वहीत नोंद आहे:
फुगा, एक. सकाळी सव्वाआठ. नंबर दिसला नाही.
खालच्या ओळीत: कालवड, जिवंत.

लटारूजींना एकदा विचारलं, तुम्ही तर पाहिलं असेल
उडताना.
"पोट्टा होतो. धुऱ्यावर लाल झेंडी घेऊन उभा राहो.
डोक्यावरून जाये, औषध आंगावर पडे.
आठ दिवस भाकरीले तोच वास.
नंबर कोन वाचते बावा?"

यंदा जानेवारीत, पाच वाजून दहा मिनिटांनी
ऊन शेपटीला घासून गेलं
आणि गळून गेलेल्या रंगाच्या काठाची
केसाएवढी सावली पडली.
आडवी. खाली.
ई.

चार फोटो काढले, पाचवा हलला.
लटारूजींना सांगितलं.
त्यांनी "बरं" म्हटलं,
दुपट्टा उलटा केला
आणि ओली बाजू उन्हाकडे धरली.