स म्हणून बघा

मंगळवारी बाजाराच्या तोंडाशी आमचा दवाखाना.
दोन खुर्च्या, एक पंखा,
आणि पाटीवर रंगवलेली कवळी,
आजोबांच्या वेळेपासून एकटीच हसणारी.
रंगाऱ्यानं तेव्हा ‘श्ये’चं ‘शेंडे’ केलं होतं.
आजोबांनी बोलाचाली न करता पैसे दिले,
आणि बासष्टनंतर
तेच बरं पडलं.

सुगत आला तो अक्कलदाढ घेऊन.
इंदोऱ्याचा, पाणीपुरवठा खात्यातला.
त्याचं तोंड उघडं, माझ्या हातात लाळ ओढायची नळी.
ओळख अशी झाली,
म्हणजे मी बोलले, तो आ करून ऐकत राहिला.
दाढ निघाली तरी तो येत राहिला,
कधी टाके दाखवायला,
कधी टाके नाहीत हे दाखवायला.

टोरांटोहून आत्यानं फोटो पाठवला:
विन्स्टन, हिशेबनीस, स्वतःचं घर,
अंगणातलं बर्फ काढायचं स्वतःचं यंत्र.
सकाळी साडेसहाला तो पडद्यावर आला,
मला चिनीत काहीतरी विचारलं.
माझं चिनी ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाही.
‘जेवले’ म्हटलं.
त्यानं लग्नाचं विचारलं होतं, हे आत्यानं नंतर कळवलं.

‘मुलगा आपला आहे,’ बाबा म्हणाले.
आपला म्हणजे कोणता, मी विचारलं.
ते अवजारं उकळत होते. पाठ माझ्याकडे.
‘तुझे आजोबा दर सोमवारी ठाण्यात सही करायचे.
कामठीला दोस्त गेला, मातीला जायचं होतं.
कामठी! सायकलवर जातात लोक.
परवाना तिसऱ्या दिवशी आला.’
चिमट्यानं एकेक अवजार बाहेर काढत म्हणाले,
‘घरात दुसरा पासपोर्ट असावा, शिऊ,
दुसरा सिलेंडर असतो तसा.’

यावर मला काही सुचलं नाही.
अजूनही सुचलेलं नाही.

तिकडे सुगतची आई:
‘पोरगी गुनाची हाये, म्या कुठं नाई म्हनते?
पन भावाले शब्द देल्ला.’
उमरेडचा भाऊ, त्याची बी.एड. झालेली लेक,
आणि ती लेक चार वर्षांची असताना
आंब्याखाली बसून दिलेला तो शब्द.
आम्ही दोघांनी दोन घरांत
दाताच्या कण्या केल्या.
दातवाल्याच्या पोरीनं असं म्हणू नये, पण केल्या.

मग एका गुरुवारी त्या स्वतःच आल्या.
पदर तोंडावर, समोरचे चार दात नाहीत.
नाव इंदुमती मेश्राम. पत्ता इंदोरा.
कार्डावर बाबांचं पेन थांबलं,
मग चाललं.

मापं घेतली. पुढच्या गुरुवारी पुन्हा,
मेणातले दात लावून बघायला.
फळीवरच्या आमच्या ढेरपोट्या बुद्धाकडे पाहत त्या म्हणाल्या,
‘आमचा असा नाई हासत.’
‘आमचाही गिऱ्हाईक असलं तरच,’ बाबा म्हणाले,
आणि त्या पदराआड हसल्या,
की खोकल्या. मला दिसलं नाही.

बाबांनी दात बसवले.
‘आता स म्हणून बघा, बाई.
सैल असले तर शिट्टी वाजते.
स असलेलं काहीही म्हणा.’
लोक म्हणतात सदर, सीताबर्डी, संत्रं.
एक हवालदार दरवेळी सस्पेंड म्हणतो.

त्यांनी वेळ घेतला.
मी कोपऱ्यात गुलाबी मेण वितळवत होते,
माझ्या हातांकडे पाहिलं,
मग वर, माझ्याकडे.
‘सून,’ म्हणाल्या.

बारीक शिट्टी वाजली.

बाबांनी दात काढून घेतले,
खिडकीच्या उजेडात धरले,
चष्मा कपाळावर सरकवून
केसभर घासले.
फुंकर मारली. पुन्हा उजेडात धरले.
मेण कढईला लागून करपत होतं,
मी आच कमी केली नाही.

दात परत बसवून
ते एक पाऊल मागे सरले, हात पुसले.

‘पुन्हा म्हणा.’