दखल

पत्र पेन्सिलीनं लिहिलेलं, रेघांच्या कागदावर:
"रस्ते विभागास. तुमचा दिवा मला ओळखत नाही."
खाली सही, लोविना ब्रुबाकर, सुईण.
फोन नंबराच्या जागी, "गुरुवारी सकाळी मी चौकातच भेटेन."

उलानानं ते दोनदा वाचलं,
घडी करून खिशात ठेवलं
आणि म्हणाली, करवत टाक गाडीत.

एल्मायराच्या अलीकडे
शेतरस्ता येऊन हमरस्त्याला टेकतो.
हमरस्त्याला हिरवा आपसूक मिळतो,
शेतरस्त्याला मागावा लागतो.

लोकांना वाटतं, डांबराखाली वजनकाटा आहे.
काही जण गाडीत उड्या मारतात.
खाली फक्त एक चर असतो, बोटभर खोल,
चरात तार, चौकोनात चार फेरे,
आणि कडेच्या पेटीतून तारेत
सतत मागेपुढे धावणारा प्रवाह,
ऐकू न येणारा एकच सूर धरून.
वर धातू आला की धातूतही प्रवाहाचे भोवरे उठतात,
सूर केसभर चढतो.
पेटी म्हणते: आलंय कुणीतरी.
कोण, कशाला, किती घाईत,
हे पेटीच्या खात्यात येत नाही.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात
मी त्या चौकोनात उभा राहून पाहिलं होतं.
शंभर किलोचा मी.
आकडा हललासुद्धा नाही.

लोविना आली.
काळी बग्गी, तपकिरी घोडा, त्याचं नाव बर्नी.
घोड्याचं नाक बरोबर पांढऱ्या पट्टीवर,
शिस्तीत.
आम्ही पेटी उघडून आकड्याकडे बघत होतो.
चौकोनात होते चार नाल
आणि बाकी सगळा घोडा.
आकडा थरथरला, पुन्हा बसला.
बग्गीची चाकं राहिली मागे,
चौकोनाच्या बाहेर, घोडाभर अंतरावर.

मी विचारलं, पहाटे चारला चिटपाखरू नसतं इथं,
तांबड्यातच का निघत नाही?
ती म्हणाली, तांबडा म्हणजे थांब.
फेब्रुवारीत बावीस मिनिटं थांबले,
मागून दुधाचा टँकर आला, त्याच्या पुण्याईनं सुटले.
आणि बाळ?
बाळ नाही थांबलं.
मुलगी आहे. ठणठणीत. माझ्यावाचून आली.
हे सांगताना ती बर्नीचा लगाम उगाच सारखा करत होती.

उलानानं आधी पेटीचा कान तिखट केला.
तर शेजारच्या लेनमधून ट्रक गेला
आणि रिकाम्या शेतरस्त्याला हिरवा मिळाला.
भुताला वाट मोकळी, ती म्हणाली,
कान पुन्हा होता तसा केला
आणि टेप घेऊन घोडा मोजायला गेली.
नाकापासून चाकाच्या आसापर्यंत.
विभागाच्या कुठल्याच नकाशात हे माप नव्हतं.

मग करवत, पाणी, राखाडी चिखल,
नवा चर, जुन्याच्या मागे,
नवी तार, चार फेरे,
वरून काकवीसारखं दाट काळं रसायन.
दुपारी ते सुकलं.
लोविना बांधावर डबा उघडून बसली होती,
तिनं आम्हाला लोणच्यातलं बीट दिलं.

चाकाची लोखंडी धाव तारेवर आली.
आकड्यानं उडी मारली.
हमरस्ता पिवळा, मग तांबडा,
दोन ट्रक करकचून थांबले
आणि समोर हिरवा लागला,
बर्नीसाठी.
ती उलानाला बिटाची कृती सांगत होती.
सांगून होईतो दिवा पुन्हा तांबडा.
ती थांबली.

आता हिवाळ्यात कधी कधी
मी त्या चौकाच्या नोंदी उघडतो.
तीन बावन्न, शेतरस्ता, एक मागणी.
त्यात नाव नसतं. टँकरही असेल.
परतीची नोंद मात्र कधीच सापडत नाही.
परतताना ती हमरस्त्यानं येते बहुधा,
तिथं मागावं लागत नाही.