खांद्याचा सांधा

पवित्र आठवड्याच्या मंगळवारी
इनास सांक्रिस्तांव सायकलवरून आला:
"शाबा च्यारी, खांदा निखळलाय.
शुक्रवारी खाली कसा उतरवायचा त्याला?"

कुडतरीच्या इगर्जीत, तळ्याकडच्या खोलीत
तो मेजावर उताणा, जुन्या चादरीवर.
सागवानी. दोनशे वर्षांचा, म्हणतात.
खांद्याला कातड्याचा सांधा,
म्हणजे हात क्रुसावर पसरता येतात
आणि उतरवल्यावर कुशीशी मिटता.
कातडं कुजलेलं.
कुठल्या बोकडाचं होतं, कोण जाणे.

नवं बसवलं. मग तळहात पाहिला:
दर वर्षी खिळा, दर वर्षी पक्कड,
भोक झिजून रुंद, खिळा धरेना.
चीप ठोकून बुजवलं,
पुन्हा पाडायला गिरमिट टेकवलं
आणि हात अडला.

आम्ही राखणदाराला कोंबडा देणारे.
चूक माणसाची, मान कोंबड्याची,
हिशेब सरळ.
म्हणून विचारलं, "इनास,
तुमच्या देवाला एवढं रक्त कशाला?"

इनास समईवरचं मेण खरवडत होता.
"देवाला नको होतं रे.
आम्हाला हवं होतं, कुणाचं तरी.
तो म्हणाला, मग माझं घ्या."
आणि पुन्हा मेण खरवडू लागला.

मला गोकुळ आठवला, धाकटा.
बापाचा रंधा मी विकला होता, फेस्ताच्या फेरीत.
गोकुळ म्हणाला, मी.
पट्टा त्याच्या पाठीवर, मी दाराआड, मोजत.
सतरा.
नंतर कधी एका शब्दाने बोलला नाही.
बोलला असता तर फिटलं असतं.

गिरमिट फिरवलं.
भुसा पडला, ताजा, पिवळा,
दोनशे वर्षांच्या आतून वास आला.
मजुरी घेतली, धंदा आहे.
भोकाचे तेवढे धरले नाहीत.

शुक्रवारी घंटा मुक्या,
फक्त मात्राक, लाकडावर लाकूड.
मी मागे, चपला हातात.
खिळे काढले. पांढऱ्या कापडावर
हात हळू खाली आला,
करकरला नाही.
एस्कोलास्तिक बाय मोठ्याने रडली.
मी सांध्याकडेच बघत होतो.

रात्री गोकुळला फोन लावला, वास्कोला.
"बापाचा रंधा आठवतो तुला?"
टीव्हीचा आवाज त्याने कमी केला.
"कुठला रंधा?" म्हणाला.
"जेवलास का?"