पुरेसं होईपर्यंत

सस्कॅचेवानच्या सपाट माळावर,
जिथे परवा पुन्हा गुरांचा बाजार भरेल,
तिथे आज आमचं चौदावं शतक उभं आहे
कापडाचं, दोरखंडांचं, खुंट्यांवर ताणलेलं.
सोमवार ते शुक्रवार मी विमा विकतो.
शनिवारी कांदे सोलतो
हेडविगबाईंच्या हाताखाली.

हेडविग हे इथलं नाव.
एरवी त्या विल्मा कोस्टिशिन,
शाळेच्या बसगाड्यांच्या वेळा लावतात,
आणि उणे चाळीसच्या पहाटे
कुठली गाडी सुरू होईल, कुठली रुसेल
हे नुसत्या आवाजावरून सांगतात.
रश्श्याचंही तसंच.
झाकण न काढता, हंड्याकडे कान देऊन:
"कच्चा आहे अजून. फार बोलतोय."

त्यांच्या मुदपाकखान्यात
बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही.
ती जहाजं अजून निघालेली नाहीत.
कुणाच्या तरी पोरानं केचप मागितलं
तर त्या गुडघ्यावर बसून म्हणाल्या,
"थांबशील का रे दीडशे वर्षं?"
आणि त्याच्या तळव्यावर
मधात घोळलेला बदाम ठेवला.
पोरगं थांबायला तयार झालं.

जुन्या पोथ्यांत मापं नसतात.
बदामाचे दूध घ्यावे, पुरेसे.
केशर घालावे, पुरेसे.
शिजवावे, पुरेसे होईपर्यंत.
कुणाला पुरेसं? कुठल्या भुकेला?
लिहिणारा सांगायला विसरला,
किंवा त्याला वाटलं असेल
एवढं तर कुणालाही कळतं.
विल्माबाईंनी घरच्या शेगडीवर
अकरा वेळा करून पाहिलं.
नऊ वेळा नवऱ्यानं मुकाट खाल्लं,
दोन वेळा कुत्र्यानं.
बाराव्या खेपेला ओरेस्टनं
पेपरातून मान वर न करता
रिकामा वाडगा पुढे सरकवला.
तेव्हा कुठे पोथीच्या कडेला
पेन्सिलीनं पहिला आकडा पडला.

आज एकशे चाळीस पानं.
दुपारी वारा सुटला, दोन चुली विझल्या,
वाटाण्यांनी शिजायला नकार दिला,
माझ्या डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की धुराचं
मला सांगता येईना.
बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी
तंबूची एक भिंत सोडून वाऱ्यासमोर बांधली
आणि तिसऱ्या चुलीला म्हणाल्या, "आता तूच."

संध्याकाळी दरबार भरला.
भालदारानं तीनदा पुकारलं
हेडविग, पाकशाळेची स्वामिनी!
तिन्ही वेळा आतून एकच उत्तर:
"येता येणार नाही. खाली लागेल."
मग राजा उठला. राणी उठली.
झेंडे, ढाली, मशाली,
फाटक्या बुटांचा तो अख्खा लवाजमा
मागच्या दारानं मुदपाकखान्यात शिरला
आणि भांड्यांत पाय पडू नयेत म्हणून
अंग चोरून उभा राहिला.
चर्मपत्र वाचलं गेलं, लांबलचक,
सोनेरी शाईतलं; मी ऐकलं नाही नीट,
कारण बाईंनी डोळ्यांनीच सांगितलं होतं, ढवळ.
गळ्यात पदक पडलं.
पहिल्यांदा वाकल्या तेव्हा ते
थेट रश्श्यात बुडालं.
त्यांनी काढलं, चाटलं,
"मीठ," म्हणाल्या,
आणि चिमूटभर टाकलं.
मग पदक पाठीवर फिरवलं
वेणीसारखं.

रात्री पंगती उठल्या, तंबूंतले कंदील विझत गेले.
राजा, म्हणजे आमचा गॉर्डी लाफ्रेनियेर,
हिवाळाभर हमरस्त्यावरचं बर्फ उपसणारा,
मुकुट नळाच्या तोटीला अडकवून
राखेनं हंडा घासत बसला होता.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
अर्ध्या तासानं त्यानं हंडा कंदिलाकडे धरला.
बाईंनी आत हात घातला,
नखानं तळ खरवडला,
नख उजेडात पाहिलं.

"अजून आहे, महाराज."

आणि महाराज पुन्हा
बाह्या सारून
वाकले.